कोट पुन्हा खुंटीवर

कवी मेला त्या दुपारी मी चहाचं आधण ठेवायला विसरले आणि दादा चहा मागायला विसरला. आमच्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने आयुष्यभर पुस्तकं बांधली. सुटे कागद शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. अक्षर त्याला एक येत नाही. आकडे येतात, आणि पानांवरच्या आकड्यांवर त्याचं दुकान चाललं. आता डोळे गेले. मी त्याची धाकटी बहीण. मी लाँड्रीत इस्त्री करत आले, आणि नोकरी संपल्यावर, केस पिकल्यावर, मोठ्या माणसांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकले. वहिनी गेली तेव्हा माझी पेटी उचलून दादाकडे राहायला आले. त्याला दिसत नाही, माझे गुडघे कुरकुरतात. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

कवी एका पुस्तकातला, आणि पुस्तक दादाच्याच कपाटातलं. जुनी कादंबरी होती, खिळखिळी झालेली. ओलीने पानांची खालची कड कुजली होती आणि तिच्याबरोबर पानांचे आकडेही गेले होते. एका गिऱ्हाइकाने ती बांधायला टाकली. दादाने ती उसवली, पुन्हा शिवली, कुजकी कड कापून टाकली, निळं कापड चढवलं. गिऱ्हाईक काही परत आलं नाही. ते दादाचं शेवटचं काम. त्यानंतर त्याला डोळ्यांपुढचं धुकं कबूल करावं लागलं आणि दुकान बंद झालं.

"कोपरे बघ हात लावून," तो म्हणायचा. "सगळी कामं केली, पण माझ्या हातून एक पान कधी इकडचं तिकडे झालं नाही."

मी वाचायला शिकल्याचं त्याला कौतुक होतं, पण ते तो सरळ कसा दाखवणार? एक दिवस पुस्तक माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "वाच. बघू तर खरं, मी जन्मभर कशाकशाला खळ लावली."

मी शब्दाखाली बोट धरून वाचायचे. जोडाक्षर आलं की दम घ्यायचे. दुपारी जेवण आवरलं की दादा खिडकीजवळच्या खुर्चीत आणि मी समोर. पहिले काही दिवस त्याला झोपच लागायची. मग कवीच्या खोलीत आम्ही शिरलो आणि त्याची झोप उडाली.

कवी तरुण होता, छातीने अधू होता, आणि फार दिवसांचा सोबती नव्हता. ते पुस्तकात पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं. नदीकाठच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर तो भाड्याने राहायचा. त्याच्याकडे होतं तरी काय? एक दिवा, त्याची काच टिचलेली. बापाचं खिशातलं घड्याळ, त्याला रोज संध्याकाळी चावी द्यावी लागे. तपकिरी कोट, त्याचं मधलं बटण तुटलेलं. कोट अडकवायला दाराशी एक खुंटी. खिडकीतून लोखंडी पूल दिसायचा आणि पुलापलीकडे छापखान्याचं धुराडं. तिथे कधीतरी त्याच्या कविता छापून होणार होत्या.

लाँड्रीत हजारो कोट माझ्या हाताखालून गेले. त्यातला एकही मला आठवत नाही. पण हा, जो कधी शिवलाच गेला नव्हता, तो मला दिसायचा. कॉलर घासून चकाकलेली, कोपरावर कापड विरलेलं. एकदा तर वाचता वाचता माझा उजवा हात इस्त्री धरल्यासारखा पुढे गेला. काळ्या शाईच्या चार रेघोट्या, आणि त्यांच्यातून लोकरीचा ओला वास यावा! मी पुस्तक मिटून थोडा वेळ हात मांडीखाली दाबून बसले.

दादाचं निराळंच. त्याला दिसेनासं झाल्यापासून स्वतःच्या घरातल्या वस्तू तो विसरत चालला होता, पण कवीच्या खोलीत त्याचं पाऊल चुकत नसे.

"काच कुठल्या बाजूने टिचली आहे?" तो विचारायचा.

"डावीकडून."

"तरीच. खाटेवर पडून वाचताना सावली पानावर येत असणार. याला एवढं कळू नये? दिवा फिरवून ठेव म्हणावं."

"मी कशी सांगू त्याला?"

"तू वाचतेस ना? मग तुझीच ओळख जास्त."

असं हसतखेळत चाललं होतं. आणि मग एका दुपारी मी जिन्यावर अडखळले.

वाक्य असं होतं: 'त्या संध्याकाळी तो घरी परतला आणि जिना चढता चढता'. इथे पान संपलं. मी पान उलटलं. 'पुलाच्या दिशेने चालू लागला.'

"काय?" दादा म्हणाला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"जिना चढता चढता पुलाकडे कसा जाईल माणूस? वरून उडी मारली का त्याने? नीट बघ, ओळ सोडली असशील."

मी ओळ शोधली. मागे गेले, पुढे गेले, बोटाने दाबून दाबून वाचलं. तेच. तेव्हा मला पुस्तकाचा संशय आला नाही. छापलेल्याचा संशय घ्यायला मी कोण? मला वाटलं, वाचणाऱ्यांना इथे काहीतरी कळत असणार, ते मला येत नाही. कान गरम झाले. दादा म्हणाला, "राहू दे, पुढे चल," आणि त्याचं ते 'राहू दे' मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे कवी मेला. नवी कविता खिशात घालून तो छापखान्याकडे निघाला आणि पुलाच्या मध्यावर खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. पूल झाडणाऱ्या माणसाने त्याचा कोट काढून, घडी करून डोक्याखाली ठेवला. नंतर तोच कोट अंगात घालून तो झाडूवाला धुक्यात निघून गेला. घड्याळ घरमालकिणीच्या हाती आलं. ते बंद पडलं होतं. मालकिणीने वर जाऊन दिवा मालवला आणि खोलीला कुलूप घातलं.

चहा राहिला तो त्याच दुपारी. अंधार पडेपर्यंत आम्ही बसून होतो. शेवटी दादा म्हणाला, "चांगला होता गं पोरगा," आणि नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात ठेवायला उचललं तर शेवटाला अजून बरीच पानं उरलेली.

"दादा, अजून आहे."

"जाहिराती असतील. काढ्याच्या नाहीतर केसांच्या तेलाच्या."

मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. 'त्याला धाप लागली. कठड्याला धरून तो क्षणभर उभा राहिला. मग खोलीत येऊन त्याने दिवा लावला. टिचलेल्या काचेची सावली भिंतीवर पडली. त्याने कोट खुंटीला अडकवला. घड्याळ काढून त्याला चावी दिली आणि ते कानाशी धरले. ते चालत होते.'

मी खाली टेकले.

"कोण आलं?" दादाने हळूच विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर आलेला निघून जाईल.

"तोच."

"कुलूप होतं ना?"

"होतं."

"मग?"

"आता त्याला कसलं कुलूप?"

दादा खुर्चीत पुढे सरकला. "पण धाप लागली म्हणतोय. मेल्यावरही धाप?"

"एवढ्या लांबून आलाय, लागणार नाही?"

ते त्याला पटलं. मलाही पटलं. मी वाचत गेले. त्या पानांत काहीच घडत नव्हतं. कवी टेबलाशी बसला. एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा तीच लिहिली. खिडकीतून त्याने पुलाकडे बघितलं. मालकीण दाराशी आली, पाण्याचा जग ठेवून काही न बोलता गेली.

"ती घाबरली कशी नाही?" दादा म्हणाला.

"तिला माहीत असणार."

कोट गेला होता, तो आला होता. घड्याळ बंद होतं, ते चालत होतं. आणि पुस्तक ते इतक्या शांतपणे सांगत होतं, की आपण डोळे मोठे करायचे की नाही तेच समजेना. मी एवढंच म्हणाले, की पुस्तकांत हे असं असतं तर लोक उगाच शिकत नाहीत.

शेवटचं वाक्य होतं: 'सकाळी त्याने कोट चढवला, घड्याळ खिशात टाकले आणि दार उघडून'.

"हं, पुढे?"

"पुढे पुठ्ठा."

"वाक्य संपलं?"

"नाही. टिंबसुद्धा नाही."

दादाने दाराकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "म्हणजे तो अजून जातोच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "हिची शाल कुठे आहे?"

"पेटीत. तूच ठेवायला लावलीस."

"काढ. दाराशी खुंटीवर लाव."

"कशाला?"

"असू दे. कुणी आलंच तर शोधत बसायला नको."

मी वहिनीची शाल झटकून खुंटीवर लावली. हसावं की काय करावं ते मला कळेना. पण खोटं कशाला सांगू, त्या रात्री दाराला कडी घालताना माझा हात जरा रेंगाळला.

आमचा वर्ग पोस्टाच्या वरच्या खोलीत भरतो. शिकवणाऱ्या बाई माझ्या नातीच्या वयाच्या. कुणी काय वाचलं ते सांगायचा दिवस होता. मी उभी राहून सगळी कथा सांगितली: खोली, दिवा, कोट, पूल, मरण, आणि मग जिन्यावरची धाप. वर्ग गार झाला. बाई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"आजी, ही कादंबरी माझी फार आवडती. पण तो परत येत नाही हो."

"येतो. मी वाचलंय."

"उद्या तुमचं पुस्तक आणाल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं पुस्तक माझ्या पुस्तकाशेजारी ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी वाचलं. 'त्या संध्याकाळी तो घरी परतला आणि जिना चढता चढता त्याला धाप लागली.'

एवढंच. जिना चढता चढता माणसाला धाप लागते. लागणारच.

बाईंनी समजावून सांगितलं, पण मला आधीच समजलं होतं. बांधणीवाल्याची बहीण आहे मी. सोळा पानांची घडी असते, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. शेवटचे दोन मागेपुढे झाले होते. खोलीतली ती संध्याकाळ मरणाच्या आदल्या दिवशीची होती.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "कागदावर होतं तेच तुम्ही वाचलंत. शब्दन् शब्द."

घरी जाताना मी पहिल्यांदा रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या न अडखळता वाचल्या. नुसत्या वाचत सुटले, मोठ्याने. लोक बघत होते. घराच्या कोपऱ्याशी आले आणि थांबले. माझं वाचणं बरोबर होतं याचा अर्थ दादाची बांधणी चूक होती. त्याचं शेवटचं काम. आणि ती शाल.

मी गप्प राहिले. पण दादाला गप्प बसवत नाही. दूध घालायला येणाऱ्याला त्याने माझ्यादेखत सांगितलं, "बहीण वाचते झकास. फक्त जिन्यावर घसरते." दोघं खो खो हसले. मीही दात दाखवले. ते वाक्य त्याला इतकं आवडलं की पुढे शेजारणीला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं. आणि रोज दुपारी तो म्हणे, "परतीचं वाच." मी वाचायचे, आणि ओळखीच्या पायरीवर आवाज खाली जायचा.

एका दुपारी त्याला थोडं आधीपासून ऐकायचं होतं. मी त्या पानाशी आले तसा तो खुर्चीत सावरून बसला आणि खदखदला. "आला जिना. आता घसरणार बघ."

मी पुस्तक मिटलं.

"रागावलीस?"

"दादा, मी घसरत नाही. पायरीच तिथे नाही."

"म्हणजे?"

"शेवटचे दोन फर्मे मागेपुढे शिवले गेलेत. बाईंचं पुस्तक शेजारी ठेवून बघितलं. जिना चढता चढता त्याला धाप लागते. तो परत येत नाही, दादा. ती आदली संध्याकाळ आहे."

त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुणी आवरायला विसरल्यासारखं. मग त्याने हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. त्याने अंगठा पाठीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, एकदा, दोनदा. शिवण सरळ होती. टाक्यात टाका होता. काहीच सापडण्यासारखं नव्हतं.

"मी तुला रोज हसत होतो," तो म्हणाला.

"जाऊ दे रे."

"सगळ्यांना सांगितलं."

"आता सगळ्यांना सांग की दादा घसरला."

तो हसला नाही. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मी म्हाताऱ्याची सगळी कमाई त्याच्या हातातून काढून घेतली. पण त्याने तोंड वर केलं तेव्हा तिथे दुःख नव्हतं, वेगळंच काहीतरी होतं. लहान असताना आम्ही पहिल्यांदा समुद्र बघितला, तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं.

"म्हणजे त्याला मी उठवला?" तो कुजबुजला. "एक घडी इकडची तिकडे झाली, आणि मेलेला माणूस जिना चढून आला?"

"हो."

"शब्द एकही बदलला नाही?"

"एकही नाही."

"आणि मला जन्मभर वाटत होतं, आपण कागद शिवतो." त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं, अलगद, ते जागं असल्यासारखं. मग एकदम दचकला. "अगं, बाकीच्यांत काय काय करून ठेवलं असेल मी!"

"बाकीच्यांना आकडे होते."

"हं. आकडे होते." त्याने श्वास सोडला. "सुरी आण. आणि ओलं फडकं."

"राहू दे ना, दादा. आपल्याला असंच आवडलंय."

"आवडलंय म्हणून चुकीचं बांधून ठेवू? ज्याने लिहिलं त्याने पोराला कसं जगवायचं, कसं मारायचं, याचा विचार केला असेल. मी मध्ये कोण?"

कपाटाखालची त्याची पेटी मी ओढली. दाभण, सुया, दोऱ्याची रिळं, मेणाचा तुकडा. सगळं जागच्या जागी. त्याने ओलं फडकं पाठीवर ठेवून खळ मऊ केली, पुठ्ठा सोलून काढला, आणि बोटांनी चाचपत शेवटचे टाके कापले. दोन फर्मे सुटे झाले. एक उजव्या हातात, एक डाव्या.

"कुठला कुठला ते वाच."

मी उजव्यातली पहिली ओळ वाचली. "पुलाच्या दिशेने चालू लागला."

"म्हणजे यात तो मरतो." त्याने डावा हात किंचित वर केला. "आणि यात जिवंत आहे." दोन्ही तळहात वरखाली करत तो तोलत राहिला. "वजन सारखंच आहे गं."

ज्या कागदांवर मी इतके दिवस बोट फिरवलं, ते त्याच्या सुरकुतलेल्या हातांत पडले होते. इस्त्रीच्या घडीएवढे. एकात दिवा मालवलेला, एकात लावलेला.

त्याने डावा खाली ठेवला, त्यावर उजवा. "बरोबर?"

"उलट. जिवंत आधी... थांब, तू पालथं धरलंयस. हो, बरोबर आहे."

"नक्की? आता चूक झाली तर तुझी."

दोरा मी ओवला, मेण मी लावलं, शिवलं त्याने. प्रत्येक टाक्याआधी तो थांबायचा आणि मी फर्म्याची पहिली ओळ वाचून दाखवायचे. एवढ्या वर्षांत त्याने कधी कुणाला विचारून टाका घातला नव्हता, आणि मी कधी कुणाच्या कामाला लागेल असं वाचलं नव्हतं. पुस्तक रात्रभर दोन विटांखाली दाबून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवण लवकर आवरलं. मी समोर बसले. खुंटीवरच्या शालीकडे माझं लक्ष गेलं. "दादा, ही पेटीत ठेवू?"

"ती होती तेव्हा रोज तिथेच असायची. मी कधी बघितलीसुद्धा नाही. राहू दे."

मी पुस्तक उघडलं. 'त्या संध्याकाळी तो घरी परतला आणि जिना चढता चढता' – पान उलटलं – 'त्याला धाप लागली.' जीभ सरळ पुढे गेली. दादाने नुसती मान हलवली.

मग तीच खोली आली, तीच संध्याकाळ. एक शब्द बदललेला नव्हता. दिवा लागला. कोट खुंटीवर गेला. आता तो कुठून परत आलेला नव्हता; उद्या जाणार होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. घड्याळाला चावी दिली, कानाशी धरलं, ते चालत होतं. आधी मला वाटलं होतं की मेलेला परत येतो यापेक्षा मोठं आश्चर्य नाही. आता बघितलं तर माणूस जिवंत आहे, टेबलाशी बसून एक ओळ खोडतो आहे, कुणी पाण्याचा जग ठेवून जातं आहे, एवढ्यानेच माझ्या अंगावर काटा उभा राहिला. दादा खुर्चीच्या कडेवर आला होता. त्याचा हात हवेत होता, जणू त्या घड्याळाची टिकटिक त्याला बोटांवर घ्यायची होती.

मी वाचलं, 'सकाळी त्याने कोट चढवला, घड्याळ खिशात टाकले आणि दार उघडून'.

पान संपलं. मी उलटायला बोट लावलं, तोच दादाचा हात चाचपत आला आणि माझ्या हातावर पडला.

"जरा थांब," तो म्हणाला. "उभा राहू दे त्याला तिथे."

आम्ही थांबलो. खिडकीतून ऊन आत आलं होतं. कवी दारात उभा होता, कोट घातलेला, मधलं बटण तुटलेलं.

मग दादाने हात काढून घेतला. "हं. वाच."

मी पान उलटलं.